गवतातून येणारा ताप

वऱ्हाडात पोळा आणि पर्युषण पर्व दरवर्षी जवळजवळ एकाच सुमारास येतात. कपाशी कमरेला लागलेली असते, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, धुऱ्यावरचे गवत गुडघ्याएवढे झालेले असते आणि निंदणाला बसलेल्या बायकांच्या रांगा वावरातून हळूहळू पुढे सरकत असतात. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या दवाखान्यांत याच दिवसांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. बहुतेकांचा ताप ओळखीचा असतो : डेंग्यू, हिवताप, विषमज्वर, किंवा चार दिवसांत आपोआप जाणारा साधा विषाणुजन्य ताप. काही रुग्णांचा ताप मात्र यांपैकी कोणत्याच नावात बसत नाही.

अशा तापाची हकिकत बहुधा एकाच वळणाने जाते. पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप चढतो, डोके विलक्षण दुखते, अंग मोडून येते. गावातल्या डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन होतात, एखादे इंजेक्शनही होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त तपासले जाते. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. विडाल चाचणीत थोडासा आकडा येतो, टायफॉइड धरला जातो आणि सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू होते. ताप उतरत नाही. आठव्या दिवशी खोकला आणि धाप लागते, लघवी कमी होते, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, तेव्हा गाडी करून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी आणले जाते. तेथे एखादा अनुभवी डॉक्टर रुग्णाचे कपडे सैल करून काखेत, जांघेत, करदोट्याखाली पाहतो. मसुराच्या दाण्याएवढी एक काळी खपली तेथे असते, विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही. म्हणून रुग्णाच्याही लक्षात आलेली नसते आणि घरच्यांच्याही.

त्या खपलीवरून आजाराचे नाव ठरते : स्क्रब टायफस. मग दिले जाणारे औषध अगदी साधे, स्वस्त आणि पन्नासहून अधिक वर्षे वापरात असलेले असते. वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्णांचा ताप त्याने दोन दिवसांत उतरतो. आठ दिवस गेलेले असले, तर मात्र फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेंदू यांच्याशी झुंज द्यावी लागते. उपचारच न मिळालेल्या रुग्णांपैकी शंभरांत सरासरी सहा दगावतात, असे जगभरातील जुन्या नोंदी एकत्र करून काढलेले अनुमान आहे. काही साथींत हे प्रमाण याच्या कित्येक पट होते.

हा आजार डासांचा नाही, पाण्याचा नाही आणि माणसाकडून माणसाला होणाराही नाही. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जंतू एका अतिसूक्ष्म कीटकाच्या पोटात राहतो. कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला हा जीव. त्याच्या आयुष्यातली एकच अवस्था, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली अळी, प्राण्यांच्या अंगावर चढते. पुढे हा जीव मातीतच राहतो आणि कोणाला चावत नाही. या अळीला चिगर म्हणतात. तिची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ अदृश्य. ती गवताच्या टोकाशी वाट पाहत बसते, जवळून जाणाऱ्या उंदराच्या, घुशीच्या किंवा माणसाच्या अंगावर चढते, आणि जिथे त्वचा पातळ व कपडा घट्ट असेल तिथे चावा घेते. जंतू मादीकडून अंड्यांत आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. म्हणून एखाद्या बांधावर, ओढ्याकाठी किंवा पडीक जागेत तो एकदा वसला की वर्षानुवर्षे तेथेच राहतो, आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या बांधावर कदाचित नसतोही.

चावा आणि ताप यांच्यामध्ये सहा ते एकवीस दिवस जातात. पंधरवड्यापूर्वी आपण कोठे बसलो होतो हे कोणाला आठवणार? निदान चुकण्याचे निम्मे कारण येथेच आहे.

बेटांवरून आलेले नाव

या जंतूचे लांबलचक नाव जपानी आहे. ‘त्सुत्सुगा’ म्हणजे आजार किंवा अनिष्ट आणि ‘मुशी’ म्हणजे किडा. जपानच्या होन्शू बेटावर निइगाता, यामागाता, अकिता या प्रांतांतल्या नद्यांना पूर येऊन गेला की काठावरच्या गाळजमिनीत कापणीला उतरणारे शेतकरी तापाने आजारी पडत. हे दुखणे किड्यामुळे होते असे त्या शेतकऱ्यांचे सांगणे होते. विज्ञानाने त्यावर पुढे शिक्कामोर्तब केले. शेतकऱ्यांचे निरीक्षण आधी आणि प्रयोगशाळा नंतर, हा क्रम या आजाराच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो.

कर्कवृत्त ज्याच्या मध्यातून जाते ते तैवान बेट याच आजाराचे दुसरे जुने घर. तेथे पूर्वेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांत आणि पेंगहू, किनमेन यांसारख्या लहान बेटांवर दरवर्षी काही शे रुग्ण आढळतात. संख्या फार मोठी नाही. पण तेथे हा आजार कळवणे डॉक्टरांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात तो डोके वर काढतो याचा नकाशा आरोग्य खात्यापुढे असतो, आणि तापाचा रुग्ण समोर आला की डॉक्टरांच्या मनात हे नाव उमटते. उत्तरेला जपान, दक्षिणेला ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा आणि पश्चिमेला पाकिस्तान-अफगाणिस्तान अशा विस्तीर्ण त्रिकोणात हा आजार पसरलेला आहे. वऱ्हाड त्या त्रिकोणाच्या आत येतो. वऱ्हाडाला त्याची जाणीव मात्र फार उशिरा झाली.

दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हजारो सैनिक या तापाने अंथरुणाला खिळले. १९४८मध्ये क्वालालंपूरला झालेल्या प्रयोगांत क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध त्यावर गुणकारी ठरले. पाठोपाठ टेट्रासायक्लिन आले आणि त्याच कुळातले डॉक्सीसायक्लिन १९६७पासून वापरात आले. युद्ध संपले, औषध सापडले, आणि वैद्यकाची पुस्तके या आजाराला एखाद-दोन परिच्छेदांत उरकू लागली. भारतातल्या डॉक्टरांच्या दोन पिढ्या तो केवळ परीक्षेपुरता वाचून मोठ्या झाल्या.

तो नाहीसा झाला होता का? बहुधा नाही. त्या काळी टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल देत आणि इतर अनेक तापांवर टेट्रासायक्लिन. निदान चुकले तरी औषध बरोबर पडत असे, आणि स्क्रब टायफसचा रुग्ण टायफॉइडमधून बरा झाला म्हणून घरी जाई. पुढे ही औषधे मागे पडली आणि सेफॅलोस्पोरिन कुळातली महागडी इंजेक्शने आली. टायफॉइडवर ती उत्तम. परंतु स्क्रब टायफसचा जंतू रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या आत दडून राहतो आणि या इंजेक्शनांना दाद देत नाही. झाकलेला आजार उघडा पडण्यामागे हे एक कारण असावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात. आजार नव्याने आला यापेक्षा तो नव्याने दिसू लागला, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

अकोल्याचे चौदा गुण

स्क्रब टायफसचा एक सख्खा भाऊ आहे, गोचिडीचा ताप. इंग्रज अमदानीत कुमाऊँच्या टेकड्यांतून त्याची वर्णने झाली आणि ‘इंडियन टिक टायफस’ असे नाव पडले. त्याचा जंतू रिकेट्सिया कोनोराय. चावणारा जीव येथे डोळ्यांना दिसतो, कारण ती कुत्र्याच्या आणि गुराढोरांच्या अंगावरची गोचीड असते. तापानंतर दोन-चार दिवसांत अंगावर पुरळ उमटते आणि ते तळहात-तळपायांवरही येते. गोवर किंवा इतर सामान्य तापांच्या पुरळात असे सहसा होत नाही. दुखणे बळावले तर पुरळ जांभळे-काळे पडते, कानाच्या पाळ्या आणि बोटांची टोके निर्जीव होऊ लागतात. रुग्णांत लहान मुले बरीच असतात, कारण गोठ्यात आणि कुत्र्याच्या पिल्लांशी खेळणारी तीच.

या तापाच्या बाबतीत अकोल्याने देशाला काहीतरी दिले आहे, आणि ते वऱ्हाडातच फारसे ठाऊक नाही. अकोल्यातील बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे येणाऱ्या अशा मुलांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. खात्रीच्या चाचण्या मोठ्या शहरांत होतात, त्यांचे निष्कर्ष यायला वेळ लागतो, आणि शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायलाच आठवडा जातो. तोवर मूल हातचे जाऊ शकते. अशा वेळी तालुक्याच्या डॉक्टरने खाटेशेजारी उभे राहून निर्णय कसा घ्यावा? त्यांनी गुणांकनाची एक सोपी पद्धत मांडली. मूल ग्रामीण भागातले आहे का, घरी पाळीव प्राणी आहेत का, गोचीड चावल्याचे आठवते का, पुरळ तापानंतर किती तासांनी आले, तळहात-तळपायांवर आहे का, पावलांवर सूज आहे का, यकृत वाढले आहे का. आणि त्यांच्या जोडीला प्लेटलेट, सोडियम, अल्ब्युमिन अशा कोठेही होणाऱ्या काही तपासण्या. प्रत्येकाला ठरावीक गुण, एकूण ३५. बेरीज १४ किंवा अधिक झाली तर गोचिडीचा ताप धरून उपचार सुरू करावेत. २०११मध्ये ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि राठी-गुडमन-अघाई गुणांकन या नावाने तो ओळखला जातो. खात्रीच्या चाचण्यांशी ताडून पाहता चौदा गुणांची ही रेषा शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक मुलांच्या बाबतीत बरोबर ठरली. पुढे २०१७मध्ये भारतीय बालरोग अकादमीने रिकेट्सियल आजारांविषयी देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा त्यांचे पहिले लेखकही डॉ. राठीच होते.

या कामाचे मोल त्याच्या साधेपणात आहे. महागडे यंत्र नाही, परदेशी संच नाही. विचारायचे प्रश्न आणि पाहायच्या जागा तेवढ्या ठरवून दिल्या. घरी कुत्रा आहे का, या प्रश्नाला रोगनिदानात एवढे वजन असेल असे कोणाला वाटले असते?

२०१८च्या पावसाळ्यात विदर्भाला स्क्रब टायफसने चांगलाच हिसका दिला. नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून रुग्ण मोठ्या रुग्णालयांत येऊ लागले, काही दगावले, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या वर्तमानपत्रांतून हे परके नाव घरोघरी पोहोचले. तेव्हापासून पावसाळा सरताना त्याची आठवण काढली जाते आणि थंडीत ती विसरली जाते.

विदर्भाला अनोळखी तापांचा अनुभव नवा नाही. मेंदूवर घाला घालणाऱ्या एका विषाणूला नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव आहे. १९६५मध्ये तेथील रुग्णांच्या रक्तात तो प्रथम सापडला. चिकुनगुनियाची साथ १९७३मध्ये बार्शीत येऊन गेली, मग तीन दशके तो जवळजवळ गप्प राहिला. २००५-०६मध्ये त्याने हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरच्या एक तृतीयांश लोकांना आडवे केले आणि त्याच वेळी भारतातही उसळी घेतली. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. आणि २०२१च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट राज्यात सर्वांत आधी जाणवली त्या भागांत अमरावती आणि अकोला होते; २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर पुन्हा कुलूपबंद झाले, ते सर्वांच्या स्मरणात आहेच. या साऱ्यांत स्क्रब टायफस निराळा पडतो तो एका गोष्टीमुळे. चांदीपुरा, चिकुनगुनिया, कोरोना यांवर रामबाण औषध नव्हते. येथे ते आहे, आणि तरीही माणसे जातात.

गोरखपूरचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. पूर्व उत्तर प्रदेशात दर पावसाळ्यात मेंदूज्वराने शेकडो मुले दगावत. वर्षानुवर्षे तो जपानी मेंदूज्वर मानला गेला, त्याविरुद्ध लसीकरण झाले, तरी मृत्यू थांबेनात. २०१५-१६च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत त्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या आजाराचे मूळ स्क्रब टायफस असल्याचे आढळले. त्यानंतर गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांत तापाच्या मुलांना डॉक्सीसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन लवकर देण्याचे धोरण आले.

औषध, दात आणि सूर्यास्त

स्क्रब टायफस आणि गोचिडीचा ताप, दोन्हींवर पहिले औषध डॉक्सीसायक्लिन. प्रौढांना ते साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किमान सात दिवस देतात. अर्थात निर्णय डॉक्टरांचा. गर्भवती स्त्रियांना ॲझिथ्रोमायसिन दिले जाते. आजार गंभीर वळणावर गेला असेल तर दोन्ही औषधे शिरेतून एकत्र देणे अधिक गुणकारी ठरते, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातील अनेक रुग्णालयांत झालेल्या सुमारे आठशे रुग्णांच्या चाचणीतून २०२३मध्ये सिद्ध झाले. भारतीय संस्थांनी, भारतीय रुग्णांवर, भारतातल्या दुर्लक्षित आजारासाठी केलेले हे संशोधन जगभर स्वीकारले गेले आहे.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांना आणि कित्येक डॉक्टरांनाही एक जुनी भीती सतावते : या औषधाने दात पिवळे पडतात. ती भीती मूळच्या टेट्रासायक्लिनविषयी खरी होती. डॉक्सीसायक्लिनचे काही दिवसांचे उपचार घेतलेल्या मुलांचे दात अमेरिकेत मुद्दाम तपासले गेले, तेव्हा डाग आढळले नाहीत. भारतीय बालरोग अकादमीच्या सूचनाही सर्व वयांच्या मुलांना या आजारांत डॉक्सीसायक्लिनच सुचवतात. दातांच्या काळजीपोटी औषध दोन दिवस लांबवणे ही या आजारात फार महागात पडणारी काळजी आहे.

जैन घरांत याच औषधाबाबत आणखी काही प्रश्न उभे राहतात, आणि ते डॉक्टरांपुढे मांडायला लोक संकोचतात. बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. कॅप्सूल पाहून रुग्णाने ती गुपचूप बाजूला ठेवली, तर डॉक्टर दोन दिवसांनी ताप न उतरल्याचे पाहून निदानच चुकले असे समजतील. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत सांगणे बरे. डॉक्सीसायक्लिन गोळीच्या रूपातही मिळते, ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या सर्वत्र मिळतात आणि मुलांसाठी त्याचे पातळ औषधही असते. कॅप्सूल उघडून पूड पाण्यात घेणे मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. हे औषध घशाला आणि अन्ननलिकेला चटका देणारे आहे. ते पेलाभर पाण्याबरोबर, बसूनच घ्यावे लागते आणि घेतल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नसते. दूध, आम्लपित्तावरची औषधे आणि लोहाच्या गोळ्या त्याच वेळी घेतल्या तर औषध नीट शोषले जात नाही.

चोविहार पाळणाऱ्यांपुढे दुसऱ्या मात्रेचा प्रश्न असतो. येथे ऋतूच साहाय्याला येतो. ऑगस्टअखेरीस अकोल्यात सूर्योदय सहाच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो. नवकारशीनंतर सकाळी सातला एक गोळी आणि सायंकाळी साडेसहाच्या आत दुसरी घेतली, तर बारा तासांचे अंतर जवळजवळ तंतोतंत राखले जाते. हिवाळ्यात दिवस लहान होतो, तेव्हा वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात.

उपवासांचा प्रश्न याहून नाजूक आहे. अठाई किंवा मासक्षमण चालू असताना आलेला थकवा, डोकेदुखी, कणकण तपश्चर्येच्या खाती जमा होते आणि घरचे कौतुकाने व काळजीने पाहत राहतात. एका दिवसाची कणकण तशी असूही शकेल. परंतु थर्मामीटरने १०१-१०२ अंश दाखवणारा, दोन-तीन दिवस टिकलेला ताप उपवासाचा नसतो. उपवासात शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते आणि या आजारात मूत्रपिंडावर आधीच ताण येतो. दोन्ही एकत्र आले की धोका दुणावतो. पच्चक्खाणाच्या पाठातच समाधीसाठी आगार सांगितलेला आहे. तो कोणाला, केव्हा लागू होतो हे गुरुभगवंतांना विचारता येते, आणि विचारण्यासाठी रुग्णाची शुद्ध हरपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रतिबंधाची वाट येथे हिंसेकडे जात नाही, हे या आजाराचे एक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. उंदरांना विष घालून हे दुखणे आटोक्यात येत नाही. उलट उंदीर एकाएकी मेले तर त्यांच्यावर जगणाऱ्या चिगर अळ्या दुसऱ्या आधाराच्या शोधात माणसाकडे वळण्याचा संभव वाढतो. उपयोगी पडते ते असे : घराभोवतीचे आणि अंगणालगतचे गवत वाढू न देणे, धान्याची साठवण बंदिस्त ठेवणे म्हणजे उंदरांची वस्तीच होत नाही, वावरात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायांत बूट-मोजे, निंदणाला बसताना खाली गोणपाट किंवा जाड कापड, ओले कपडे गवतावर वाळत न घालणे, आणि घरी आल्याबरोबर साबणाने अंघोळ करून कपडे बदलणे. अळी अंगावर चढल्याबरोबर चावत नाही; चावल्यावरही जंतू अंगात उतरायला काही तास लागतात. म्हणून संध्याकाळची अंघोळ केवळ स्वच्छतेपुरती नसते. अर्थात निंदणाला येणाऱ्या बाईकडे बूट कोठून असणार? ज्यांच्या मालकीची वावरे आहेत आणि जे मजूर लावतात, त्यांनीच हे द्यावे लागेल.

गोशाळा आणि पांजरापोळ येथे सेवेला जाणाऱ्यांनी गोचिडीकडे विशेष लक्ष द्यावे. गाईच्या कानामागून गोचीड उपटून दोन नखांत चिरडण्याची खेड्यात सवय असते. ती दोन्ही बाजूंनी वाईट, कारण चिरडलेल्या गोचिडीतून जंतू बोटाच्या चिरेतून आत शिरू शकतात. माणसाच्या अंगाला गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने ती त्वचेलगत धरून सावकाश, सरळ वर ओढावी. रॉकेल, काडीचा चटका, मीठ यांपैकी काही लावू नये. नंतर जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी.

पावसाळ्यात मुक्तागिरीची यात्रा आणि चिखलदऱ्याची सहल वऱ्हाडी कुटुंबांना चुकत नाही. बावन्न मंदिरांच्या पायऱ्या, शेजारी कोसळणारा धबधबा, भोवतीचा हिरवागार सातपुडा हे सोडावे असे कोणी म्हणणार नाही. शिदोरी उघडताना गवतावर थेट बसण्याऐवजी सतरंजी अंथरावी आणि मुलांना झुडपांत लोळू देऊ नये, एवढे पुरे.

घरी परतल्यावर मुलांच्या अंगावरून एकदा नजर फिरवावी : केसांच्या मुळाशी, कानामागे, काखेत, बेंबीत, गुडघ्यामागे. जैन परंपरेत साधू-साध्वी रोज सकाळ-संध्याकाळ वस्त्रे आणि पात्रे उलटसुलट करून बारकाईने पाहतात, त्याला पडिलेहण म्हणतात. ते सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून असते, स्वतःच्या आरोग्यासाठी नव्हे. पण जी नजर तेथे लागते तीच येथे लागते, आणि जैन घरातल्या आईला ती नव्याने शिकावी लागणार नाही.

साधू-साध्वी स्वतः हिरवळीवर पाऊल ठेवत नाहीत आणि पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी राहतात, त्यामुळे चातुर्मासात त्यांचा या आजाराशी संबंध कमी येतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर मात्र विहार सुरू होतो. त्या वेळी अकोला-अमरावती रस्त्याच्या कडेचे गवत वाळलेले नसते आणि स्क्रब टायफसचा हंगामही पुरता संपलेला नसतो. अनवाणी चाल, खेड्यातल्या शाळेच्या खोलीत मुक्काम, पहाटे पुन्हा प्रयाण. चाव्यानंतर दहा-बारा दिवसांनी ताप येतो तोवर संघ शंभर-दीडशे किलोमीटर पुढे, दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेला असतो, आणि तेथल्या डॉक्टरांना मागच्या गावांविषयी काही ठाऊक नसते. विहारसेवेतील तरुणांकडे प्रत्येक मुक्कामाचे गाव आणि तारीख लिहिलेली एक वही बहुधा असतेच. ताप आला की ती वही बरोबर न्यावी, मागच्या तीन आठवड्यांची पाने डॉक्टरांपुढे उघडावीत, आणि पहिल्याच दिवशी विचारावे : हा स्क्रब टायफस असू शकेल का?